घरभाड्याचे नियंत्रण आणि नवागताचे घर

शहरातील घर परवडते की नाही, हा प्रश्न वरवर पाहता केवळ किमतीचा वाटतो. परंतु ‘कोणाला परवडते?’ असे विचारल्याखेरीज त्याचे खरे स्वरूप ध्यानात येत नाही. या दृष्टीने मुंबईचे उदाहरण उद्बोधक आहे.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, मुंबईतील भाडेवाढीला कायद्याने आळा घालण्यात आला. टंचाईच्या काळापुरताच तो उपाय होता. पुढे १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे होते, तेच सामान्यतः तिचे ‘प्रमाण भाडे’ ठरले. भाडेकरूला मनास येईल तेव्हा घराबाहेर काढण्यासही प्रतिबंध झाला. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत असताना या संरक्षणाची निकड होती, हे नाकारता येणार नाही.

मात्र तात्पुरता उपाय कायमचा होऊन बसला. समजा, १९४० मध्ये एका खोलीचे भाडे १५ रुपये होते. कायद्याने मान्य केलेली किरकोळ वाढ सोडल्यास, पुढील कित्येक दशके मालकाच्या हाती जवळपास तेवढेच पैसे पडत राहिले. साहजिकच डागडुजी थांबली. जुन्या इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये उपकर बसवून दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ स्थापण्याचा कायदा करावा लागला. भाड्याने देण्यासाठी नव्या चाळी बांधणे किफायतशीर उरले नाही. भाडे गोठले, पण जागेची किंमत गोठली नाही. ती ‘पागडी’च्या रूपाने, हातोहात रोख रकमेत वसूल होऊ लागली. १९७३ मध्ये लीव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले, तेव्हा अनेक मालकांना घर भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवणेच सुरक्षित वाटू लागले.

गोठविलेले भाडे आता वाजवी राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. त्यानंतरच्या १९९९ च्या महाराष्ट्र कायद्याने दरवर्षी ४ टक्के वाढ मान्य केली आणि पागडीलाही कायदेशीर स्थान दिले. परंतु १५ रुपयांवर ४ टक्के म्हणजे अवघे ६० पैसे!

भाड्याचे घर दुर्मिळ झाले की विकत घेण्यावाचून गत्यंतर नसते. १९७० मध्ये हडको व १९७७ मध्ये एचडीएफसी या संस्था स्थापन झाल्यावर गृहकर्जाची वाट रुंदावली. तथापि कर्जासाठी नियमित उत्पन्नाचा पुरावा लागतो. रोजंदारीवरील मजूर, फेरीवाला किंवा घरकाम करणारी बाई यांना तो कोठून मिळणार?

या कोंडीचे चित्र देशभर दिसते. २०११ च्या जनगणनेत नागरी भागांत सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. २०१२ मध्ये केंद्र सरकारच्या तज्ज्ञगटाने शहरांतील घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख असल्याचे सांगितले. त्यांतील ९५ टक्क्यांहून अधिक तूट दुर्बल व अल्प उत्पन्न गटांची होती. ओस घरे आणि बेघर माणसे एकाच नगरात नांदतात, ती अशी.

२०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात लेखी करार, निवासी जागेसाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत आणि वादांसाठी स्वतंत्र यंत्रणा सुचविलेली आहे; तो स्वीकारणे राज्यांच्या हाती आहे. त्याने मालकाची भीती कदाचित ओसरेल. परंतु अल्प उत्पन्नाच्या माणसाला पेलेल अशा भाड्याची घरे मुळात बांधली गेली पाहिजेत. जे आधीच घरात आहेत त्यांचे रक्षण करणे आवश्यक आहे. पण उद्या शहरात पाऊल टाकणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत असेल, तर प्रश्न सुटला असे म्हणता येणार नाही.