वारीच्या वाटेवरचा पाऊस

आषाढी एकादशी आली की आपल्या मंदिरात भजन होते आणि मुले छोटीशी दिंडी काढतात. त्या वेळी मुले हमखास विचारतात, "वारी पावसातच का काढतात? उन्हाळ्यात सुट्टी असते की!" माझ्याकडे याचे धड उत्तर नव्हते. ते मिळाले २०२२ साली, चालताना.

करोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या. पायी वारी पुन्हा सुरू होणार हे कळताच आम्ही कॉलेजचे तिघे मित्र, दोघे इथून आणि एक पुण्यातून, निघायचे ठरवले. ज्येष्ठ वद्य अष्टमीला, म्हणजे २१ जूनला, ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीने आळंदीहून प्रस्थान ठेवले. पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण करत सुमारे अडीचशे किलोमीटर चालून १० जुलैच्या एकादशीला पंढरपूर गाठायचे होते.

त्या जूनमध्ये पावसाने ओढ दिली होती. दिवे घाट आम्ही कोरडाच चढलो. पाऊस नाही, चिखल नाही, म्हणून आम्ही खूश. आमच्या दिंडीतल्या एक मावशी मात्र रोज आभाळाकडे बघायच्या. त्यांचे चार एकर रान पेरणीवाचून पडले होते. खरे तर मृगात पेरायचे, मुलाबाळांवर शेत सोपवायचे आणि वारीला निघायचे, हा जुना क्रम. मी म्हणालो, "मावशी, पेरणी राहिली तरी निघालात?" त्या म्हणाल्या, "घरी बसून का पाऊस येतोय, माऊली? वारी चुकवायची नाय."

माळशिरस सोडल्यावर एका दुपारी तो आला. आम्ही तिघे अमेरिकेहून आणलेले महागडे रेनकोट शोधत पळालो. वारकऱ्यांनी मात्र प्लास्टिकचा पहिला कागद पखवाजावर घातला, कारण चामडे भिजले की बोल उतरतो. दुसरा वीणेवर. उरले ते डोक्यावर. अभंग थांबला नाही. रेनकोटात घामाने भिजलेला मी कुरकुरत होतो, "नेमका आत्ताच यायचा होता!" मावशी थबकल्या, पण रागावल्या नाहीत. "असं बोलू नये माऊली. कुणाच्या तरी रानात पडतोय." मला फार लाज वाटली.

संध्याकाळी तळावर समाजआरती झाली. चोपदारांनी दंड उंचावला आणि हजारो टाळ एका क्षणात थांबले. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवत राहते आणि मग तिचे म्हणणे ऐकले जाते. हरवले-सापडलेलेही तिथेच पुकारतात. त्या शांततेत फक्त पावसाचा आवाज होता. आरतीनंतर मावशींनी माझ्या फोनवरून मुलाला फोन लावला. गावाकडेही पाऊस झाला होता. मुलगा म्हणाला, "वाफसा आला की पेरतो." भिजलेल्या मातीत तिफण चालण्याइतका सुकवा यावा लागतो, तो वाफसा. मावशींनी फोन परत दिला आणि पदराने डोळे पुसले.

पुढचे दिवस आम्ही चिखलात चाललो, ओल्या सतरंजीवर झोपलो. पायाला फोड आले. पण रेनकोट पुन्हा काढला नाही.

मुलांनो, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. वारी पावसात 'काढत' नाहीत. वारी शेतकऱ्याच्या वर्षात बसवलेली आहे. बी मातीत गेले की पुढचे काम पावसाचे. तेवढ्या मोकळ्या दिवसांत तो विठ्ठलाला भेटून येतो आणि पीक खुरपणीला येईतो घरी परततो. पाऊस हा वारीतला अडथळा नव्हे, ज्याची सगळे वाट बघतात तो सोबती आहे.

इथे आपण हवामान बघून सोयीचा शनिवार निवडतो, त्यात काही गैर नाही. पण यंदा दिंडीच्या दिवशी पाऊस आलाच, तर मुलांना लगेच हॉलमध्ये नेऊ नका. दोन मिनिटे भिजू द्या, आणि कुणाच्या तरी रानात तो पडतोय एवढे सांगा.

राम कृष्ण हरी.