रंग वाचायला शिकू या

आमच्या रात्रीच्या वर्गात एक आक्का येतात. वय सत्तरीचे. अक्षरे गिरवताना त्यांचा हात थोडा कापतो, पण अक्षर चुकत नाही. एके दिवशी त्यांनी पिशवीतून एक जुना फोटो काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

फोटो त्यांच्या लग्नाचा होता. १९७२ साली काढलेला. ते दुष्काळाचे साल. नवरा-नवरी खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसलेली. नवऱ्याच्या डोक्याला फेटा. नवरीची मान खाली. सगळा फोटो काळा-पांढरा.

आक्कांचे मालक जाऊन दहा वर्षे झाली. नातवाच्या मनात आले, की आजोबांचा फोटो रंगीत करून भिंतीवर लावावा. तालुक्याच्या गावच्या फोटोवाल्याने संगणकावर रंग भरून नमुना दिला. आक्कांनी तोही आणला होता. त्यात फेटा भगवा झाला होता. नवरीचे लुगडे मात्र काळे-पांढरेच राहिले होते.

आक्का म्हणाल्या, "गुरुजी, ह्यो रंग न्हवं त्येंच्या फेट्याचा."

मी विचारले, "मग कोणता होता?"

"लाल. पर निस्ता लाल न्हवं. जरा येगळा. मला सांगाया येईना. फोटूवाला म्हणतो, रंग लिहून पाठवा."

"आणि तुमचे लुगडे असे का राहिले?"

आक्का हळूच म्हणाल्या, "माझं म्याच नगं म्हटलं. मागं ऱ्हायलेल्या बाईला आता रंग कशाला?"

वर्ग गप्प झाला. त्या रात्री आम्ही बाराखडी बाजूला ठेवली आणि रंगांचा पाठ सुरू केला. तो चार रात्री चालला. तोच येथे देत आहे.

१. रंगाला नाव हवे

लाल, पिवळा, निळा एवढी नावे सगळ्यांना येतात. पण एवढ्यावर भागत नाही. कुंकू लाल, वीटही लाल, मिरचीही लाल. तीनही लाल निरनिराळे.

आपल्या वाडवडिलांनी यावर सोपी युक्ती काढली. जी वस्तू रोज डोळ्यांपुढे असते, तिचेच नाव रंगाला दिले. पोपटाचा तो पोपटी. जांभळाचा तो जांभळा. मोराच्या पिसाचा मोरपंखी. अबोलीच्या फुलाचा अबोली. आमसुलाचा आमसुली. शेंदराचा शेंदरी. विटेचा विटकरी. राखेचा राखी. दुधाचा दुधी. अंजिराचा अंजिरी. पारव्याचा पारवा. नाकात ओढतात त्या तपकिरीचा तो तपकिरी!

पाहा, शेत, परस, चूल आणि आभाळ या सगळ्यांची नावे रंगांत आली. लुगडी घेताना बायका ही नावे भराभर बोलतात. त्यांना कोणी शिकवलेली नसतात. ज्याला रंगाचे नाव ठाऊक, त्याला तो रंग नीट दिसतो. नाव नसले तर डोळा वरून निसटून जातो.

मी आक्कांना विचारले, "फेटा डाळिंबी होता का?"

दुसऱ्या रात्री एका बाईने परसातले डाळिंब आणले आणि वर्गातच फोडले. आक्का दाण्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्योच. दाण्याचा. सालीचा न्हवं."

पन्नास वर्षांपूर्वीचा रंग त्यांच्या डोळ्यांत तसाच होता. नाव तेवढे सापडत नव्हते.

२. रंग म्हणजे काय?

वर्गातल्या एका तरुणाने विचारले, "गुरुजी, रंग वस्तूत असतो की डोळ्यांत?"

प्रश्न चांगला आहे. उत्तर असे, की दोन्हीकडे असतो आणि मध्ये उजेड लागतो.

उन्हाचा उजेड आपल्याला पांढरा दिसतो. पण त्यात सगळे रंग मिसळलेले असतात. इंग्लंडच्या न्यूटनने १६६६च्या सुमारास तिकोनी काचेतून ऊन जाऊ दिले, तेव्हा भिंतीवर रंगांचा पट्टा उमटला. पावसाचे थेंब हेच काम करतात, तेव्हा इंद्रधनुष्य दिसते.

आता पान हिरवे का दिसते? उन्हातला तांबडा आणि निळा उजेड पान बराचसा पिऊन टाकते. हिरवा मात्र बराचसा परत फेकते. तो आपल्या डोळ्यांत शिरतो. अंधारात पान हिरवे दिसत नाही, कारण परत फेकायला उजेडच नसतो.

डोळ्यांच्या आत रंग ओळखणाऱ्या तीन जातींच्या बारीक पेशी असतात. त्यांतली एखादी जात नसली किंवा नीट काम करीत नसली, तर तांबड्या-हिरव्याचा घोटाळा होतो. यालाच रंगांधळेपणा म्हणतात. तो बहुधा जन्माचाच असतो, आणि बायकांपेक्षा पुरुषांत पुष्कळ जास्त आढळतो. मूल चित्रात झाड तांबडे रंगवत असेल, तर त्याला मारू नका. आधी डोळे तपासून घ्या.

३. रंग येतो कोठून?

पूर्वी कापडाचा रंग झाडाझुडपांतून येई. मंजिष्ठाच्या मुळीतून तांबडा. हळदीतून पिवळा. हिरड्याला लोखंडाचे पाणी मिळाले, की काळा. रंग कापडाला धरून राहावा म्हणून तुरटी वापरीत.

हळदीची गंमत तर घरोघर माहीत आहे. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला, की डाग लाल होतो. हळदीला चुना लागला तरी तेच होते. या गुणावरच हळदीचे कुंकू बनते.

निळीची गंमत त्याहून मोठी. निळीच्या पिंपातून कापड बाहेर काढले, की आधी ते पिवळट हिरवे दिसते. हवा लागली, की बघता बघता निळे होते. पण या सुंदर रंगामागे फार दुःख होते. बिहारात चंपारण्यात गोरे मळेवाले शेतकऱ्यांना सक्तीने नीळ पेरायला लावीत. १९१७ साली गांधीजी तेथे गेले आणि त्यांनी ती सक्ती मोडून काढली.

तोवर कारखान्याचे रंगही निघाले होते. १८५६ साली लंडनमध्ये पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापावरचे औषध करू पाहत होता. औषध साधले नाही. भांड्यात जांभळट रंग मात्र मिळाला. पुढे १८९७ साली जर्मनीतून कारखान्यात केलेली नीळ विक्रीला आली. असे रंग स्वस्त झाले. जो रंग पूर्वी श्रीमंताच्या अंगावर दिसे, तो गरिबाच्या पोराच्या अंगरख्यावर आला. ही लहान गोष्ट नव्हे.

४. फोटोत रंग कसा आला?

पहिले फोटो काळे-पांढरे होते. कॅमेऱ्याला उजेड कमी की जास्त, एवढेच कळे. डाळिंबी फेटा आणि हिरवे लुगडे यांचा गडदपणा सारखा असला, तर फोटोत दोन्ही एकाच राखी रंगाचे येतात. म्हणून नुसता जुना फोटो पाहून फेट्याचा रंग कोणी नक्की सांगू शकत नाही. पूर्वी कारागीर कुंचल्याने फोटोवर रंग लावीत. हल्ली संगणक आपोआप रंग भरतो. पण तोही अंदाजाने भरतो. खरे काय होते, ते ज्याने पाहिले त्यालाच विचारावे लागते.

रंगीत फोटोची युक्ती मॅक्सवेल नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवली. १८६१ साली लंडनमध्ये त्याने एका रंगीत फितीचे तीन फोटो दाखवले. एक तांबड्या रंगाच्या पाण्यातून काढलेला, एक हिरव्या आणि एक निळ्या रंगाच्या पाण्यातून. तिन्ही फोटो तशाच रंगांच्या उजेडात एकावर एक पाडले. फीत रंगीत दिसली!

१९०७ साली फ्रान्समधल्या ल्युमिएर बंधूंनी रंगीत फोटोच्या काचा विक्रीला आणल्या. त्यांत काय होते, सांगा बरे? बटाट्याच्या पिठाचे बारीक कण! ते नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगांत बुडवून काचेवर पसरलेले असत. ज्या बटाट्याची आपण भाजी करतो, त्यानेच जगाला रंगीत फोटो दाखवला.

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. त्याच्या पडद्यावरही तांबडे, हिरवे आणि निळे असे तीनच रंगांचे बारीक ठिपके असतात. तिन्हींच्या मेळातून सारे रंग दिसतात. पण मोबाइलवर फोटो काढताना एक सवय ठेवा. भर दुपारी काढू नका. त्या वेळी उन्हाने रंग फिके पडतात. सकाळी किंवा दिवस कलताना काढा. त्या उन्हात शेणाने सारवलेली भिंतसुद्धा सोन्यासारखी दिसते.

५. चित्रातला रंग

आपल्याकडे चित्रांची परंपरा फार जुनी आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील पुष्कळ चित्रे पंधराशे वर्षांपूर्वीची. तेथला तांबडा रंग गेरूचा, पिवळा पिवळ्या मातीचा, काळा काजळीचा. निळा मात्र अफगाणिस्तानातल्या एका मौल्यवान दगडाचा. बाकीचे रंग जवळपासचे आणि निळा इतक्या दुरून आलेला!

देवांची रंगीत चित्रे घराघरांत आणली राजा रविवर्मा यांनी. १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. एका चित्राला अनेक रंग. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. एकेका दगडाने एकेक रंग छापीत गेले, की शेवटी लक्ष्मी किंवा सरस्वती पुरी होई. ज्यांना देवळात येऊ देत नसत, त्यांच्याही झोपडीत ही चित्रे लागू शकली.

आणि आनंदाला फार रंग लागतात असेही नाही. पालघर जिल्ह्यातले वारली लोक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढतात. रंग एकच, पांढरा. त्या एका रंगात नाच, लग्न, पेरणी, झाडे, सगळे येते. तेथले चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

६. नेसण्यातला रंग

रंग एकटा राहत नाही. शेजार पाहून तो बदलतो. हिरव्या अंगाला लाल काठ लावा, दोन्ही उठून दिसतात. तेच लाल नारिंगीशेजारी ठेवा, फिके वाटेल. आपल्या पैठणीच्या विणकरांना हे पक्के ठाऊक आहे. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा घेतला, की पदर हलताना रंग पालटतो. त्याला धूपछाँव म्हणतात. संक्रांतीला बायका काळी चंद्रकळा नेसतात. काळा रंग ऊन शोषून घेतो. थंडीत त्याची ऊब बरी वाटते.

येथे मी आक्कांच्या प्रश्नाकडे वळलो. मी वर्गाला विचारले, "मागे राहिलेल्या बाईने रंग नेसावा की नाही?"

एक गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, रीत आहे ती."

मी म्हटले, "रीत आहे खरी. पण ती माणसांनीच घातली, आणि माणसेच मोडू शकतात. बायको गेलेल्या पुरुषाचा फेटा कोणी उतरवला आहे का?"

ते काही बोलले नाहीत. मग मी एक खरी हकीकत सांगितली. कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड नावाचे गाव आहे. मे २०२२ मध्ये तेथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद. पुढे त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसे करण्याचे आवाहन केले. ठरावाने सगळी मने एका दिवसात बदलली असे नाही. पण गावाने तोंडाने म्हटले आणि कागदावर लिहिले. लिहिलेल्याला वजन असते.

आक्का सगळे ऐकत होत्या. बोलल्या काहीच नाहीत.

७. आक्कांची चिठ्ठी

चौथ्या रात्री आक्कांनी कागद-पेन्सिल मागितली. फोटोवाल्याला चिठ्ठी लिहायची होती. मी म्हटले, "मी लिहून देऊ का?" त्या म्हणाल्या, "नगं. फेटा माझ्या धन्याचा हाय."

अर्धा तास लागला. चिठ्ठीत लिहिले होते :

"फेटा डाळिंबी. दाण्याचा रंग. सालीचा नाही."

आम्ही सगळ्यांनी वाचली. एकही चूक नव्हती. मी ती घडी घालणार, तोच आक्कांनी परत मागून घेतली. थोडा वेळ फोटोतल्या नवरीकडे पाहिले. मग खाली आणखी एक ओळ लिहिली :

"शालू हिरवा. पोपटी."

कठीण शब्द

मंजिष्ठ – एक वेल. हिच्या मुळीपासून तांबडा रंग काढतात.
धूपछाँव – हलले की दोन रंग दाखवणारे कापड.
चंद्रकळा – काळ्या रंगाचे लुगडे.
ठराव – सभेने मिळून केलेला निर्णय.

करून पाहा

१. मोबाइलच्या उजळलेल्या पांढऱ्या पडद्यावर पाण्याचा एक बारीक थेंब ठेवा. थेंबातून बारीक रंगीत ठिपके दिसतात का, ते पाहा. मग पडदा लगेच पुसा.

२. लाल कागदाच्या तुकड्याकडे मनात तीस अंक मोजेपर्यंत टक लावून पाहा. मग पांढऱ्या भिंतीकडे पाहा. कोणता रंग दिसला?

३. हळदीचा डाग पडलेल्या फडक्याला साबण लावा. काय होते, ते दोन ओळींत लिहा.

उत्तरे लिहा

१. घरातल्या, शेतातल्या वस्तूंवरून पडलेली दहा रंगांची नावे लिहा. पाठात आलेली नावे घेऊ नका.

२. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोतल्या कपड्याचा खरा रंग संगणकाला का कळत नाही?

३. तुमच्या घरात एखादा जुना फोटो असेल. त्यातल्या कपड्यांचे रंग कोणाला आठवतात, ते विचारा. त्यांच्याकडून ऐकून फोटोच्या मागे आपल्या हाताने लिहा. हे काम पुढच्या आठवड्यावर टाकू नका. आठवणारी माणसे म्हातारी झाली आहेत.