कोशिंबीर, उन्हाळा आणि पाणी

कोशिंबिरीचे मराठी जेवणातील स्थान जुने आहे व ते योग्यही आहे. काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो यांपासून शरीरास जीवनसत्त्वे व चोथा मिळतो. शिजविल्याने क जीवनसत्त्वाचा बराचसा अंश वाया जातो. तथापि, आमटी-भाजीतील बहुतेक रोगजंतू चुलीवर मरतात, तशी सोय कोशिंबिरीस नाही. शेतातून, बाजारातून वा हातांवाटे भाजीवर जे येते, ते तसेच पानात वाढले जाते.

यात मोठा वाटा पाण्याचा आहे. शहरांच्या कडेने सांडपाण्यावर भाजी पिकविली जाते. पालेभाजी टवटवीत दिसावी म्हणून बाजारात तिच्यावर हाती लागेल ते पाणी शिंपडले जाते. पटकी, विषमज्वर, हगवण व ‘अ’ प्रकारची कावीळ हे रोग अशा पाण्यातून पसरतात. कोबीतील किडा मेंदूत शिरतो, ही समजूत सर्वत्र ऐकू येते. वास्तविक पानावर दिसणारी अळी त्यास कारण नसते. मेंदूत गाठी होतात त्या डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात येणाऱ्या पट्टकृमीच्या अंड्यांमुळे. ही अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत व पाण्यात मिसळतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणूनच जन्मात मांस न खाल्लेल्या व्यक्तीसही हा विकार जडू शकतो. उघड्यावरील शौच आणि ताटातील कोशिंबीर यांचा संबंध इतका निकटचा आहे.

उष्णतेमुळे या धोक्यात भर पडते. साधारणतः 5 ते 60 अंश सेल्सियस तापमानात जंतूंची वाढ होते आणि अनुकूल परिस्थितीत काही जंतू दर 20 मिनिटांनी दुप्पट होतात. या हिशेबाने एका जंतूचे चार तासांत चार हजारांहून अधिक जंतू होतात. आता लग्नसराईतील पंगत पाहावी. काकडी सकाळी आठला चिरली जाते, मीठ लावून पातेल्यात झाकून ठेवली जाते आणि मुहूर्त लांबला की दोन वाजता वाढली जाते. साल हे भाजीचे संरक्षण; चिरल्यावर सुटणारा रस जंतूंना खाद्य पुरवितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार नाशवंत अन्न सामान्य तापमानात दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये. प्रत्येक पंगतीपुरती भाजी आयत्या वेळी चिरणे आचाऱ्यास कटकटीचे वाटेल, पण दुसरा खात्रीचा उपाय नाही. दह्याच्या वा लिंबाच्या आंबटपणावर विसंबणेही बरोबर नाही. विषमज्वर एक ते तीन आठवड्यांनी, कावीळ सुमारे महिन्याने उद्भवते. तोपर्यंत पंगत विस्मरणात गेलेली असते आणि दोष भलत्याच पदार्थावर जातो.

मोड आलेल्या कडधान्यांविषयी शिक्षकांनी विशेष दक्ष राहावे. ओल्या फडक्यातील ऊब मोडांना जशी मानवते, तशीच जंतूंनाही. जर्मनीत 2011 साली मोडांतून पसरलेल्या साथीत सुमारे चार हजार लोक आजारी पडले व पन्नासहून अधिक दगावले. तपासाचा धागा मेथीच्या बियांपर्यंत पोहोचला होता. शाळेत मुलांना मटकी, मूग द्यावयाचे ते चांगले वाफवून द्यावेत.

भाजी चिरण्यापूर्वी, वाहत्या पिण्याच्या पाण्याखाली, हाताने चोळून धुवावी. काकडी सोलायची असली तरी आधी धुवावी, कारण विळी सालीवरची घाण गरापर्यंत नेते. कलिंगडासही हेच लागू आहे. मिठाच्या पाण्याने अळ्या निघतात, जंतू मरतातच असे नाही. सामुदायिक स्वयंपाकासाठी 33 टक्के क्लोरीनची ताजी ब्लिचिंग पावडर 10 लिटर पाण्यात सुमारे दीड ग्रॅम मिसळल्यास दशलक्ष भागांत 50 भाग क्लोरीन मिळते. निवळलेल्या पाण्यात भाजी काही मिनिटे बुडवून पुन्हा पिण्याच्या पाण्याने धुवावी. जंताच्या अंड्यांवर मात्र क्लोरीनचा फारसा परिणाम होत नाही. ती चोळून धुण्यानेच निघतात.

धुण्याचे पाणीच दूषित असेल, तर हा सारा खटाटोप व्यर्थ ठरतो. गावाच्या विहिरीत व टाकीत ब्लिचिंग पावडर नियमित पडते काय, पावडर उघड्या गोणीत राहून निकामी झाली आहे काय आणि ओ. टी. चाचणीत पाण्यास पिवळा रंग येतो काय, हे पंचायत सदस्यांनी जलसुरक्षकाबरोबर जाऊन स्वतः पाहावे. लग्नसराईत मंगल कार्यालयाच्या टाकीचीही हीच चाचणी घ्यावी. तीस जेमतेम पाच मिनिटे लागतात.