ॲटलासच्या छायेत

आफ्रिका खंडाच्या वायव्य टोकास मोरोक्को हा देश वसला आहे. त्याच्या उत्तरेस भूमध्य समुद्र, पश्चिमेस अटलांटिक महासागर आणि आग्नेयेस सहाराचे अफाट वाळवंट आहे. समुद्र आणि वाळवंट यांच्यामध्ये ॲटलास पर्वताच्या रांगा एखाद्या तटाप्रमाणे उभ्या आहेत. समुद्रावरून येणारे ढग या तटाला अडतात आणि आपले बहुतेक पाणी अलीकडच्या उतारांवर व शिखरांवर रिते करतात. पलीकडे पोहोचतो तो कोरडा वारा. म्हणून या एकाच देशात बर्फ, अरण्य, वाळू आणि लाटा यांचे दर्शन घडते. पाठीवर पडशी टाकून, कधी आगगाडीने, कधी मोटारीने आणि कधी पायी हिंडणाऱ्या प्रवाशाला हा देश जसा कळतो, तसा तो नकाशावरून कळत नाही.

उत्तरेकडून येणारा प्रवासी टँजिअर बंदरात उतरतो. येथून समुद्रापलीकडचा स्पेनचा किनारा निरभ्र दिवशी स्पष्ट दिसतो. जिब्राल्टरची सामुद्रधुनी तिच्या अरुंद भागी सुमारे १४ किलोमीटर रुंद आहे. याच टँजिअर नगरीत १३०४ साली इब्न बतूता जन्मला. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १३२५ साली, तो मक्केच्या यात्रेसाठी घराबाहेर पडला आणि परतला तो थेट १३४९ साली! या काळात तो दिल्लीच्या सुलतानाच्या पदरी काझी होता. आपल्या देवगिरीचा, म्हणजे दौलताबादचा, किल्लाही त्याने पाहिला, आणि तेथील मराठ्यांविषयी आपल्या प्रवासवृत्तात लिहून ठेवले.

टँजिअरहून प्रवासी फेस या प्राचीन नगरीस जातो. जुन्या फेसच्या तटबंदीच्या आत हजारो गल्ल्या आहेत. त्यांतील कित्येक इतक्या चिंचोळ्या आहेत, की दोन माणसांना अंग चोरूनच एकमेकांजवळून जावे लागते. येथे मोटारीला वाव नाही. सारे ओझे गाढवे व खेचरे वाहतात. मागून "बालाक! बालाक!" अशी आरोळी आली, की नवखा माणूस बावरतो. तो शब्द मराठी कानाला ओळखीचा वाटला, तरी त्याचा अर्थ आहे 'सांभाळा, बाजूला व्हा'. एका बाजूस चर्मकार मोठमोठ्या दगडी कुंडांत उतरून कातडी रंगवीत असतात. दुसऱ्या बाजूस अल्-करवीन ही विख्यात मशीद व विद्यापीठ आहे. फातिमा अल्-फिहरी नावाच्या स्त्रीने ८५९ साली तिची स्थापना केली, असे परंपरा सांगते.

फेसच्या दक्षिणेस मध्य ॲटलासची देवदार वृक्षांची वने लागतात. तेथे शेपूट नसल्यासारखी भासणारी माकडे फांद्यांवर खेळताना दिसतात. पुढे मराकेश शहर येते. त्याच्या तांबूस भिंतींमागे, हिवाळ्यात, उच्च ॲटलासची हिमाच्छादित शिखरे झळकत असतात. त्या रांगेतील टुबकाल हे शिखर ४,१६७ मीटर उंच असून उत्तर आफ्रिकेत त्याहून उंच शिखर नाही. चढाईपूर्वी प्रवासी पायथ्याच्या इमलिल गावी मुक्काम करतो आणि सोबतीला वाटाड्या घेतो.

या डोंगरांत आमाझिघ लोक राहतात. त्यांनाच बर्बर असेही म्हणतात. त्यांची भाषा अरबीहून निराळी आहे व २०११ च्या राज्यघटनेने तिलाही राजभाषेचा मान दिला आहे. हे लोक उतारांवर दगडी बांध घालून लहान लहान वावरे तयार करतात, अक्रोडाची झाडे लावतात आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी पाटांनी शेतात आणतात. पाहुणा दारी आला, की त्याच्यापुढे पुदिन्याचा गोड चहा ठेवल्याशिवाय ते राहत नाहीत.

८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री या डोंगरांत मोठा भूकंप झाला. दगडमातीची घरे कोसळली आणि २,९०० हून अधिक माणसे प्राणांस मुकली. दरडी कोसळून रस्ते बंद झाले. तेव्हा शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना हातांनी माती उपसून बाहेर काढले, आणि जेथे मोटारी पोहोचेनात तेथे खेचरांच्या पाठीवरून अन्न व पांघरुणे पोहोचविण्यात आली.

घाट ओलांडून प्रवासी पर्वताच्या दक्षिणेस उतरला, की हिरवा रंग मावळतो. ऐत बेन हद्दू येथे मातीच्या विटांची उंच घरे एकमेकांना बिलगून उभी आहेत. पावसाने झिजलेल्या भिंती वेळोवेळी लिंपल्या, तरच ती टिकतात. तेथून पूर्वेस, लांबच्या वाटेने, ताफिलाल्तचे मरुद्यान लागते. खजुरांच्या दाट राया पाहून प्रवाशाच्या मनात प्रश्न उभा राहतो : जेथे पाऊस जवळजवळ नाही, तेथे हे पाणी आले कोठून?

याचे उत्तर जमिनीखाली आहे. उंचावरील भूगर्भातले पाणी गावापर्यंत आणण्यासाठी पूर्वजांनी मंद उताराचे भुयारी कालवे खणले. त्यांना 'खेत्तारा' म्हणतात. भुयारातील माती उपसण्यासाठी ठिकठिकाणी विहिरीसारखी विवरे केलेली असतात, आणि त्यांच्या तोंडाशी साचलेल्या मातीच्या ढिगांची रांग वाळवंटात दूरवर दिसते. पाणी भुयारातून वाहत असल्याने उन्हाने फारसे आटत नाही. त्याचे वाटप पाळीने होते. ज्या कुटुंबाचा जेवढा हक्क, तेवढा वेळ पाट त्याच्या शेताकडे वळतो. सारे मिळून कालवा साफ ठेवतात, कारण एकाच्या आळसाने सर्वांची बाग सुकते.

परंतु पुढे यंत्राचे पंप आले. ज्याच्यापाशी पंप, तो हवे तेव्हा पाणी उपसू लागला. भूगर्भातील पाण्याची पातळी खाली गेली, त्यात अवर्षणाची भर पडली, आणि अनेक खेत्तारे कोरडे पडले. शेकडो वर्षे सर्वांना पुरलेले पाणी काही दशकांत आटले.

ताफिलाल्तमध्येच सिजिलमासा या प्राचीन नगराचे अवशेष आहेत. येथून उंटांचे तांडे सहारा ओलांडून जात. दक्षिणेकडून सोने येई, आणि दक्षिणेकडे मीठ जाई. १३५२ साली इब्न बतूताही येथूनच माली देशाकडे निघाला. जवळच्या मर्झुगा गावापाशी वाळूच्या नारिंगी टेकड्या सुरू होतात. सूर्यास्तानंतर तेथे अशी शांतता पसरते, की आपल्याच पावलांचा आवाज प्रवाशाला मोठा वाटतो.

वाळवंटातून माघारी फिरून, पुन्हा पर्वत ओलांडून, प्रवासी पश्चिम किनाऱ्यावरील एसाविरा बंदरास येतो. येथे वारा क्वचितच थांबतो. तटाखाली निळ्या रंगाच्या होड्या डुलतात आणि कोळी जाळी दुरुस्त करीत बसलेले असतात. किनाऱ्यामागच्या माळावर आर्गन नावाची काटेरी झाडे आहेत. बकऱ्या थेट त्यांच्या फांद्यांवर चढून पाला व फळे खातात! या झाडांची मुळे खोल जातात व माती धरून ठेवून वाळवंटाचा विस्तार रोखतात. त्यांच्या बियांतून तेल काढणाऱ्या स्त्रियांनी सहकारी संस्था स्थापन केल्या आहेत.

अशा रीतीने प्रवास संपतो. पडशीत फारसे काही साठलेले नसते. पण फेसच्या गल्लीत वाट देणारे लोक, भूकंपात धावून जाणारे शेजारी आणि पाण्याची पाळी पाळणारे शेतकरी यांची आठवण त्याच्याबरोबर येते. ज्या भूमीत निसर्ग हात आखडता घेतो, तेथे माणसे वाटून घेतात म्हणूनच तगतात.

स्वाध्याय
१. ॲटलास पर्वताच्या दोन बाजूंच्या हवामानात फरक का पडतो?
२. खेत्तारा म्हणजे काय? ते कोरडे पडण्याची कारणे सांगा.
३. तुमच्या गावात किंवा वस्तीत पाण्याचे वाटप कसे होते, याविषयी दहा ओळी लिहा.