छंद म्हणून मोबाईल दुरुस्ती : सुरुवातीला काय काय लागतं?



बहुतेक घरांत कपाटाच्या खणात एखादा तरी बंद पडलेला मोबाईल असतोच. सातवी-आठवीतल्या मुलाच्या हाती तो लागला की प्रश्न ठरलेला, "उघडून बघू का?" आपण म्हणतो, "हात लावू नकोस!" मग आपण घरी नसताना तोच फोन स्वयंपाकघरातल्या सुरीने उघडला जातो. खरा धोका इथेच आहे. सुरीचं टोक बॅटरीत घुसलं तर ती पेट घेऊ शकते. म्हणून नुसती मनाई करण्यापेक्षा योग्य साधनं द्यावीत आणि शेजारी बसावं.

आवश्यक साधने

१) बारीक स्क्रू ड्रायव्हरचा संच : बऱ्याच फोनमध्ये अधिक चिन्हाच्या खाचेचे बारीक स्क्रू असतात. जुन्या नोकिया फोनमध्ये सहा टोकांचे टॉर्क्स, तर आयफोनच्या तळाशी पाच पाकळ्यांचे पेंटालोब स्क्रू दिसतात. टोक खाचेत घट्ट बसलं पाहिजे. सैल बसलं की खाच झिजते आणि स्क्रू निघतच नाही.

२) प्लास्टिकचा ओपनर : झाकण उघडण्यासाठी. गिटारची पिक किंवा जुनं एटीएम कार्डही चालतं. लोखंडी पट्टी मात्र नको.

३) बारीक टोकाचा चिमटा : छोटे स्क्रू उचलायला. बॅटरीजवळ धातूचा चिमटा वापरू नये.

४) कोरा कागद आणि चिकटपट्टी : हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचं. कागदावर फोनचं चित्र काढायचं आणि प्रत्येक स्क्रू जिथून काढला तिथेच चिकटवायचा. कारण सगळे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळला, तर तो खालच्या मदरबोर्डला इजा करू शकतो.

५) मल्टिमीटर : साधा डिजिटल पुरे. बटणाच्या फोनची बॅटरी बाहेर काढता येते. डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ती तपासा. बॅटरीवर ३.७ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण पूर्ण चार्ज झाल्यावर साधारण ४.२ व्होल्ट दिसतात. "असं का?" हा प्रश्न मुलाने विचारला, की विज्ञानाचा एक तास तिथेच सुरू होतो!

६) मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल : ९९ टक्क्यांचं घ्यावं, त्यात पाणी कमी असतं आणि ते लवकर उडून जातं. ते ज्वलनशील आहे. खिडकी उघडी ठेवा, जवळ दिवा किंवा गॅस नको.

सोल्डरिंग गन, हॉट एअर मशीन लगेच घेऊ नका. आधी फोन नीट उघडून परत जोडता आला पाहिजे.

सुरक्षिततेचे नियम

• फोन बंद करूनच काम सुरू करावं. चार्ज २५ टक्क्यांपेक्षा कमी असलेला बरा.
• झाकण निघाल्यावर बॅटरी सर्वांत आधी वेगळी करायची. आत बसवलेली असेल तर निदान तिचा कनेक्टर काढायचा.
• फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये. ती ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.
• जवळ कोरड्या वाळूचं घमेलं असू द्यावं. धूर दिसला की मुलांना आधी बाहेर न्यायचं, फोन नंतर.

पहिला सराव कोणता?

स्मार्टफोनने सुरुवात करू नका. बंद पडलेला बटणाचा फोन घ्या. प्रत्येक पायरीला फोटो काढा आणि उलट क्रमाने जोडा. दुसरा सराव म्हणजे चार्जिंगच्या खाचेची सफाई. चार्जर सैल बसतो, तेव्हा खाचेत खिशातला कापूस आणि धूळ साचलेली असू शकते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने ती हळूच काढावी. टाचणी वा सुई नको, आतल्या पिना वाकतात.

पहिल्या दिवशी फोन सुरू झाला नाही तरी चालेल. मुलाने तो पुन्हा जोडला आणि कागदावर एकही स्क्रू उरला नाही, तर समजा पहिला धडा पक्का झाला. क्रम लक्षात ठेवणं, नोंद करणं आणि घाई न करणं या सवयी त्याला वहीतही उपयोगी पडतील.