डोंगरावर जाताना कोणते भिंग न्यावे?

माझे मामा संगमनेरला राहतात. त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. ते लग्नाचे फोटो काढतात, पण दिवाळीच्या सुट्टीत ते आमच्याकडे आले आणि डोंगरांचे फोटो काढायला हरिश्चंद्रगडावर गेले. बाबा आणि मीपण गेलो. जायच्या आधी सामान काय न्यायचे यावर घरात दोन दिवस बोलणे चालले होते. तेव्हा मिळालेली माहिती मी येथे लिहीत आहे.

मामांच्या कॅमेऱ्याचे भिंग काढता येते व दुसरे बसवता येते. भिंगावर आकडे असतात. १६-३५, ५०, ७०-२०० असे. हे मिलिमीटर आहेत. आकडा लहान असेल तर पुष्कळ रुंद देखावा मावतो, पण सगळे बारीक दिसते. आकडा मोठा असेल तर थोडेच मावते, पण लांबचे जवळ येते. १६ च्या भिंगात एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत १०७ अंश मावतात, म्हणजे काटकोनापेक्षा जास्त! ५० च्या भिंगात ४७ अंश आणि २०० च्या भिंगात फक्त १२.

मला हे काही समजेना. मग मामांनी एक प्रयोग करून दाखवला. तो तुम्ही घरी करा, पालकांनीही करून पाहावा. वहीच्या पुठ्ठ्याला ३.६ सेंमी रुंद व २.४ सेंमी उंच अशी खिडकी कापा. मामांच्या कॅमेऱ्यात चित्र टिपणारा सेन्सर एवढाच असतो. एक डोळा मिटा. पुठ्ठा दुसऱ्या डोळ्यापासून ५ सेंमीवर धरा. खिडकीतून जेवढे दिसेल तेवढे ५० च्या भिंगातून येते. २० सेंमीवर धरलात तर २०० चे भिंग झाले. १६ साठी १.६ सेंमीवर धरावा लागतो, तेव्हा पापण्या पुठ्ठ्याला लागतात. मी शाळेच्या मागे उभी राहून पाहिले. जवळ धरल्यावर सगळा डोंगर आला आणि लांब धरल्यावर एकच झाड आले.

मागच्या वर्षी मामांनी सगळेच सामान नेले होते. ओझ्याने ते इतके दमले की कोकणकड्यावर पोचेपर्यंत सूर्य बुडाला. एकही चांगला फोटो मिळाला नाही. म्हणून यंदा आम्ही सगळे सामान किराणा दुकानातल्या काट्यावर मोजले. कॅमेरा ९०० ग्रॅम, दुसरा कॅमेरा ७०० ग्रॅम, १६-३५ चे भिंग ७०० ग्रॅम, २४-७० चे ९०० ग्रॅम, ५० चे फक्त २०० ग्रॅम, ७०-२०० चे दीड किलो, पक्ष्यांसाठी असते ते १५०-६०० चे दोन किलो आणि तीन पायांचा ट्रायपॉड दोन किलो. एकूण ८ किलो ९०० ग्रॅम भरले. शिवाय तीन लिटर पाणी म्हणजे आणखी तीन किलो! दुकानदार म्हणाले, "एवढ्यात तर ज्वारीचं दळण होतं."

पक्ष्यांचे भिंग लगेच बाजूला ठेवले. दुसरा कॅमेरा पण ठेवला. मी विचारले, लग्नात तर दोन नेता? मामा म्हणाले, "लग्न पुन्हा लावता येत नाही. डोंगर पळून जातो का?" मग त्यांनी अमेरिकेतल्या ॲन्सेल ॲडम्स या फोटोग्राफरची गोष्ट सांगितली. १९२७ साली ते हाफ डोम नावाच्या कड्याचा फोटो काढायला बर्फातून चढून गेले. जवळ १२ काचा होत्या. एका काचेवर एकच फोटो निघे. वर पोचले तेव्हा दोनच उरल्या होत्या. शेवटच्या काचेला त्यांनी भिंगापुढे लाल काच लावली, त्यामुळे आकाश काळेभोर आले. तोच फोटो जगभर प्रसिद्ध झाला.

मामांनी १६-३५ आणि २४-७० घ्यायचे ठरवले. ७०-२०० चे नको म्हणाले. ते लग्नाच्या अंधाऱ्या हॉलसाठी घेतलेले आहे, त्याचे तोंड मोठे म्हणून ते जड आहे. डोंगराला एवढ्या मोठ्या तोंडाची गरज नसते, कारण कॅमेरा ट्रायपॉडवर हलत नाही.

तेवढ्यात आजी बोलली. आजी म्हणजे मामांची आई. तिचे माहेर कड्याच्या खाली कोकणात, बेलपाड्याला. गुडघ्यांमुळे तिला आता चढवत नाही. ती म्हणाली, "आरं, कड्यावरनं माझं माह्यार दिसतं. माझ्या घराचा फोटू काढशील का?"

मामा गप्प बसले. मग मी पुठ्ठा आणला. वाइड भिंगात आजीचे गाव मुंगीएवढे आले असते. मोबाइलमध्ये ताणून मोठे केले तरी नुसता डाग दिसतो. पुढे चालत जावे तर कडाच आहे! शेवटी २४-७० चे भिंग घरी राहिले आणि ७०-२०० चे आले. ३५ आणि ७० च्या मधली फट भरायला ते छोटे ५० चे घेतले. एकूण ५ किलो ३०० ग्रॅम झाले. दीड किलोचे भिंग आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मी माझ्या दप्तरात घेतले. बाबांनी पाणी घेतले.

पाचनईकडून चढलो. दुपारी दोनला कड्यावर होतो. मुद्दाम दुपारी, कारण कडा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी लवकर त्याची सावली खाली पडलेली असते आणि गाव अंधारात असते. आधी वाइडने कड्याची पूर्ण वाटी घेतली. कडेला मला पोटावर झोपवले होते आणि बाबांनी पाय धरले होते. वारा जोरात होता, म्हणून ट्रायपॉडला पाण्याची पिशवी अडकवली. मग २०० वर बेलपाडा. पहिले सहा फोटो हलले, सातवा आला.

घरी आजीने फोटो बराच वेळ डोळ्यांजवळ धरला. ती म्हणाली, "विहीर हाये अजून." तो फोटो या लेखाच्या शेजारी चिकटवला आहे. आजीचे छप्पर डावीकडून तिसरे, आंब्याच्या खाली. कृपया बोट लावू नये, आजीला परत द्यायचा आहे.