पिल्लू फुकट, मग एवढी चौकशी कशाला?

प्रश्न : आम्ही नागपुरात प्रतापनगरला राहतो. मुलगी आठ वर्षांची आहे. कुत्र्याचं पिल्लू दत्तक घ्यायला आम्ही दोघं एका शेल्टरमध्ये गेलो, तर मुलीला आणि आजींनाही घेऊन या म्हणाले. घर भाड्याचं का, उन्हाळ्यात गावाला जाता का, तेही विचारलं. एवढी उलटतपासणी कशासाठी?

उत्तर : त्यांनी विचारलं ते बरंच केलं. पिल्लू येतं मुलीच्या हट्टापायी, पण पुढची बारा-पंधरा वर्षं ते अख्ख्या घराला सांभाळावं लागतं. मुलगी बारावीला जाईल तेव्हा ते उतारवयाला लागलेलं असेल. आजींना भीती वाटते किंवा घरमालक नको म्हणतो, हे पिल्लू घरी आल्यावर कळलं तर भोगावं लागतं त्या पिल्लाला.

उन्हाळ्याचा प्रश्न तर नागपुरात विचारायलाच हवा. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकूनच अंग गार ठेवतं. दुपारी गच्चीवर बांधलेलं कुत्रं उष्माघाताने दगावू शकतं. मुलीला एक शिकवून ठेवा : फिरायला नेण्याआधी तळहाताची मागची बाजू डांबरावर टेकवायची. चटका बसला की फिरणं संध्याकाळी.

मुलीला बोलावलं त्यालाही कारण आहे. कुत्र्यावर एकदम झडप घालायची नाही, बाजूला उभं राहून त्याला आधी हुंगू द्यायचं, ते जेवत किंवा झोपलेलं असताना हात लावायचा नाही, या गोष्टी प्रत्यक्ष कुत्र्यासमोरच नीट समजतात. सगळ्यात महत्त्वाचं मात्र तुम्ही घरी सांगा : कुत्रं चावलं किंवा ओरखडलं, तर रागावणार नाही, पण लगेच सांगायचं. बोलणी बसतील म्हणून मुलं जखम लपवतात, आणि रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पिल्लालाही साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस आणि पुढे डॉक्टर सांगतील तसे बूस्टर द्यावे लागतात.

शिवाय दत्तक घेणं सगळ्या घराच्या मर्जीने व्हावं, सक्तीने नव्हे. ऑक्टोबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं होतं की, मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचं असेल तर त्यांना रीतसर दत्तक घेऊन घरी न्या. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तशी सक्ती करता येणार नाही असं सांगितलं. मला ते पटतं. कुत्रं सक्तीने गळ्यात पडलं तर घराचेही हाल आणि त्याचेही.

तेव्हा घरमालकांशी आधी बोलून घ्या आणि रविवारी आजींना सोबत न्या. पिल्लाची नसबंदी कोणत्या महिन्यात करायची, हे तिथेच विचारून घ्या.